भाकरी कोण थापायचं, हे मी पुढेही विचारणार

(ज्येष्ठ तमाशा कलावंतांच्या फडाबाहेरच्या आयुष्याच्या आठवणी कशा टिपाव्यात, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना रसिक’ या नावानं आलेल्या प्रतिक्रियेला हे उत्तर. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकते आहे.)

रसिकमहोदय,

तुमची प्रतिक्रिया मी रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. रात्री उत्तर लिहिलं असतं तर ते छापण्याजोगं झालं नसतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मी एका चित्रपटाचं साल चुकवलं. लेख पाल्हाळिक आहे. वृद्ध कलावंतांचा वेळ मी फुकट खाते. आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत: ‘पन्नास वर्षं फड गाजवलेल्या बाईंना भाकरी कोण थापायचं असलं विचारता, यावरून तुम्हाला कलेतलं काय कळतं ते दिसलंच. कलावंताची कला बघावी, त्याच्या चुलीत डोकावू नये.’

सालाचं आधी. तुमचं बरोबर आहे. ‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांचा चित्रपट १९५९ चा, मी १९६० लिहिलं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. लांबीचं म्हणाल तर ज्यांना मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी तो लेख होता, त्यांना तो लांब वाटलेला नाही. आणि मी त्या म्हाताऱ्या माणसांना काय देते किंवा देत नाही, हा त्यांचा आणि माझा व्यवहार आहे. तुम्ही चौकशी केली असती तर उत्तर दिलं असतं. तुम्ही ‘खाता’ असा शब्द वापरलात, त्यामुळे देणार नाही.

आता ते वाक्य.

‘असलं विचारता’ मधलं ‘असलं’ मला लागलं, हे लपवत नाही. एकवीस वर्षं मी लोकनाट्यात उभी राहिले. एकेका पायात दोन-दोन किलोचे चाळ बांधले. कला कळण्याचा दाखला मला कुणाकडून नको आहे, टोपणनावामागे बसलेल्या माणसाकडून तर नकोच. तुम्ही ‘हा प्रश्न कशासाठी?’ असं विचारू शकला असता. दोन ओळींत काम झालं असतं.

भाकरीचा प्रश्न मी का विचारते ते सांगते, कारण तुमच्यासारखं वाटणारे आणखीही असतील.

ज्या कलावंताचं नाव झालेलं असतं, त्याच्याकडे आठ-दहा किस्से तयार असतात. पत्रकारांना, आकाशवाणीला, सत्काराच्या भाषणात ते पुन्हापुन्हा सांगून गुळगुळीत झालेले असतात. ओळखायचं कसं? दुसऱ्या बैठकीत तोच किस्सा पुन्हा काढायचा. शब्द, थांबे, हशाची जागा सगळं जसंच्या तसं आलं, तर तो पाठ झालेला आहे. खोटा असेलच असं नाही, पण त्यातून नवं काही निघत नाही. ‘तुमचा अविस्मरणीय प्रयोग कोणता?’ असं विचारलंत की नेमकं हेच हाती लागतं. ‘भाकरी कोण थापायचं?’ याचं उत्तर कुणी पाठ केलेलं नसतं. तिथं माणूस थांबतो, डोळे बारीक करतो आणि आठवू लागतो. मला ते आठवणं हवं असतं.

बरं, त्या उत्तरातून निघतं काय? माझ्या अनुभवात ते तीन तऱ्हांचं येतं. मोठ्या फडात आचारी असायचा, चुलीचं सामान ट्रकमधून फिरायचं. मध्यम फडात घराघरानं आपापली चूल मांडलेली असायची. लहान फडात, रात्री नाचलेल्या बायकाच पहाटे परातीसमोर बसायच्या. या तीन उत्तरांत फडाचा आकार, त्याची ऐपत आणि बाईच्या अंगावरचं कामाचं ओझं सगळं येतं. हिशोब करून बघा. ऐंशी माणसांचा फड, माणशी दोन वेळच्या मिळून चार भाकऱ्या, म्हणजे तीनशे वीस. किलोभर पिठाच्या नऊ-दहा होतात असं धरलं तर दिवसाला तेहतीस-चौतीस किलो पीठ. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, जवळजवळ रोज गाव बदलत. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. एवढं दळण कुठं व्हायचं? ज्या गावात गिरणी नाही तिथं काय करायचे? जळण जत्रा कमिटी द्यायची की फडमालक? जेवण उचलीतून कापायचे का?

ही उचल म्हणजे हंगामाआधी मालकाकडून अंगावर घेतलेली रक्कम. तिच्याबद्दल कलावंताला सरळ विचारलंत तर तो गप्प बसतो किंवा ‘मालक देवमाणूस होता’ म्हणतो. भाकरीवरून पिठाकडे, पिठावरून पैशाकडे गेलात तर पाचव्या मिनिटाला आकडा सांगतो. कोण कुणाच्या हातचं खायचं, पाण्याची भांडी एक होती का दोन, हेही तिथंच निघतं. ‘फडात जातपात होती का?’ असं विचारून आजवर मला ‘न्हाई बाई, समदे एक’ याशिवाय काही ऐकायला मिळालेलं नाही.

आणि हे कलेबाहेरचं आहे असं तुम्ही कशावरून म्हणता? वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाट्य, पहाटेपर्यंत चालणार असेल तर बाई जेवणार कधी? भरल्या पोटी गिरकी घेता येत नाही आणि उपाशीपोटी चार तास उभं राहता येत नाही. कुणी गणाआधी (सुरुवातीच्या गणेशस्तवनाआधी) अर्धी भाकरी खायचं, कुणी फक्त चहावर निघायचं, कुणी गवळण (कृष्ण-गौळणींचा भाग) झाल्यावर कनातीमागे गूळ-शेंगदाणे. गवळणीनंतर बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, का लांबवली जायची, याची जी कारणं मला आत्तापर्यंत मिळाली, त्यांतलं एक हेच आहे की बायकांना बसायला आणि दोन घास खायला वेळ मिळावा. पुढं बसलेल्याला विनोद दिसतो. मागं चाळ सैल करून कुणीतरी जेवत असतं. तुम्ही पन्नास प्रयोग पाहिलेत असं लिहिलंय. हे पुढं बसून दिसणार नव्हतं.

पावसाळ्याचं तसंच. हंगाम संपल्यावर चार महिने काय करायचात, हा माझा दुसरा ठरलेला प्रश्न. खुरपणी, कांद्याची लावण, भाताची लावणी, बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. ज्या गुडघ्यांनी आठ महिने ठेका धरला तेच गुडघे उकिडवं बसून दिवसभर खुरपत होते. घोट्यावर चाळाच्या दोरीचा वळ असायचा, तो चिखलात भिजून चिघळायचा. बाईनं पस्तिशीत नाच कमी करून वगातली बोलण्याची कामं का घेतली, याचं उत्तर पुष्कळदा अशा पावसाळ्यांत सापडतं. ‘तुम्ही शैली का बदललीत?’ असं विचारलं तर ‘वयोमानानुसार’ एवढंच हाती येतं.

तुम्हाला मोठी नावं हवी असतील तर तीही घ्या. अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपली कहाणी सांगितली आणि अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली. ते पुस्तक १९७० साली आलं आणि आजही वाचलं जातं, ते त्यांच्या चित्रपटांच्या यादीमुळे नव्हे. घर, लग्न, दारू, मनाचे हाल, हे त्यांनी ज्या मोकळेपणानं सांगितलं त्यामुळे. ज्या चित्रपटाच्या सालावरून तुम्ही मला पकडलंत, त्याचंच नाव त्या आत्मकथनाला आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, आफ्रिकेत नोकरी करून आले आणि १९६९ पासून पूर्णवेळ नट झाले. त्यांनी पुढं वाचिक अभिनयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ज्या माणसानं घसे तपासले त्याचं आवाजाकडे लक्ष असणारच, हे सांगायला समीक्षक लागत नाही. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. दादा कोंडके अपना बाजारमध्ये नोकरीला होते. या गोष्टी काढून टाका आणि मग त्यांच्या कामाकडे बघा. शब्दांची फेक, उभं राहण्याची तऱ्हा, गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं प्रेक्षकांशी बोलणं हे कुठून आलं ते तुम्हाला कळणार नाही.

‘चुलीत डोकावू नये’ या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. घरगुती आणि खाजगी यांत फरक असतो. भाकरी, भाडं, दवाखाना, मुलांची शाळा हे घरगुती. मूल कुणाचं, नवरा का सोडला, हे खाजगी. खाजगी मी विचारत नाही. सांगणाऱ्यानं आपणहून सांगितलं तर ऐकते, आणि ते कुठं जायचं हे तोच ठरवतो. हे सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल तर पुन्हा लिहिते, इतरांच्या उपयोगाला येईल.

परवानगी दोनदा घ्यायची. एकदा सुरुवातीला, मशीन चालू असताना, त्यांच्याच आवाजात: नाव, गाव, तारीख, ‘मी हे बोलायला तयार आहे’. दुसऱ्यांदा सगळं लिहून काढल्यावर. तो मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांच्या हातात कागद ठेवून ‘वाचून सही करा’ म्हणू नये. अनेकांना वाचता येत नाही, आणि ते तसं सांगत नाहीत, सही करून मोकळे होतात. वाचताना जिथं त्या हात वर करतील तिथं खूण करायची आणि तो भाग काढायचा, किंवा त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवायचा. बोलता बोलता ‘हे बंद करा’ म्हणाल्या तर मशीन त्यांच्या समोर, त्यांना दिसेल असं बंद करायचं. नुसतं बटण दाबल्यासारखं केलं तर विश्वास कायमचा जातो.

बैठक पन्नास मिनिटांची, फार तर तासाची. दिवसात दोन, त्याही वेगवेगळ्या माणसांच्या, त्याहून जास्त नाही. सकाळचा चहा झाल्यावरची वेळ सगळ्यांत चांगली. दुपारी जेवल्यावर म्हातारी माणसं तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतात, आठवून बोलत नाहीत. एका माणसाच्या निदान चार-पाच बैठका, मध्ये आठवडा तरी जाऊ द्यावा. पहिल्या दोन बैठकांत फोटोंची ट्रंक उघडू नये, हे मी पुन्हा बजावते. फोटो बाहेर आले की गोष्ट लगेच सत्कार, मंत्री आणि हार यांच्याकडे जाते आणि तिथून परत येत नाही. ट्रंक तिसऱ्या बैठकीला.

सालं विचारायची नाहीत. ‘कोणत्या वर्षी?’ म्हटलं की माणूस घाबरतो आणि अंदाजे काहीतरी सांगतो, मग तो अंदाज छापला जातो. त्याऐवजी सगळ्यांना माहीत असलेली खूण धरायची: पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा फड कुठं होता? बहात्तरच्या दुष्काळात सुकडी (मदत म्हणून वाटलेलं खाणं) खाल्ली तेव्हा थोरली किती वर्षांची होती? मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) फार पक्की खूण आहे, कारण ती पहाट आणि गणपती विसर्जन दोन्ही लोकांना आठवतं. अशा दोन खुणांच्या मध्ये घटना बसली की साल वर्षा-दोन वर्षांच्या फरकानं मिळतं. मी एका चित्रपटाचं साल चुकवलं हे खरं, पण ते पुस्तकावरून लिहिलेलं होतं. माणसांच्या तोंडून घेतलेल्या माझ्या तारखा अशा दोन बाजूंनी धरलेल्या असतात.

घरची माणसं शेजारी बसली की मुलाखत बिघडते. मुलगा साल दुरुस्त करतो, सून ‘ते नका सांगू’ म्हणते, आणि बाई त्यांच्याकडे बघून बोलू लागते. त्यांना उठवायचं नाही, अपमान होतो. ‘तुमचीही एक बैठक घ्यायची आहे, उद्या’ असं सांगायचं आणि खरंच घ्यायची. मुलांकडून फडाबाहेरचं जितकं मिळतं तितकं कलावंताकडूनही मिळत नाही. आई आठ महिने नसायची तेव्हा डबा कोण द्यायचं, हे मुलालाच माहीत असतं.

आवाजाचं थोडक्यात. मोबाइल चालतो, पण विमान मोडवर टाका आणि कॉलरचा माइक वापरा. तो हनुवटीखाली साधारण एक वीत, आणि नऊवारी असेल तर पदर ज्या खांद्यावर आहे त्याच्या उलट्या बाजूला लावायचा, नाहीतर प्रत्येक हालचालीला कापड घासतं. मंगळसूत्राचे किंवा माळेचे मणी माइकवर आपटतात, म्हणून अर्धा मिनिट नुसतं ऐकून बघा. पंखा बंद, फ्रिज असेल तर तोही तासभर बंद, आणि निघताना आठवणीनं चालू करून द्या. पत्र्याच्या घरात पावसात बसूच नका. फाइल वेव्हमध्ये ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलला तासाला पाचशे एमबीच्या थोडं वर जागा लागते. त्याच दिवशी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. तासभराचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास जातात, बोली अनोळखी असेल तर आठ. ‘व्हतं’ला ‘होतं’ करू नका. थांबल्या असतील तर किती सेकंद थांबल्या ते कंसात लिहा.

आणि रसिकमहोदय, तुमच्या ध्यानात न आलेली एक बाब. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधनासाठी अर्ज करताना कामाचे पुरावे जोडावे लागतात. तिथं अडतं कुठं? पोस्टरवर एक नाव, आधारवर दुसरं. लग्नानंतरचं, माहेरचं, किंवा मालकानं ठेवलेलं. फडाची कागदपत्रं मालकाच्या मुलांनी रद्दीत घातलेली. अशा वेळी ‘पावसाळ्यात कुणाच्या शेतावर जायचात?’, ‘जत्रेत मुक्काम कुणाच्या वाड्यात असायचा?’ या उत्तरांतून गावं मिळतात. गावं मिळाली की जत्रा कमिटीची वही, जुनं हँडबिल, सुपारीची (खेळ ठरवल्याच्या बोलीची) पावती शोधता येते. नारायणगावच्या राहुट्यांत, म्हणजे फडांच्या बुकिंगच्या तंबूंत, ठरलेल्या सुपाऱ्यांचे कागद गावोगावच्या कमिट्यांकडे अजूनही निघतात. नुसती कला बघत बसलो तर हे कागद कुणी शोधायचे?

तुमच्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या गोष्टींवर, म्हणजे ‘हल्लीच्या बायका’ वगैरेवर, मी बोलणार नाही. पुढच्या वेळी तसं लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकीन, आधीच सांगून ठेवते.

पण एक विनंती आहे, आणि ती राग बाजूला ठेवून करते. तुम्ही लिहिलंय की १९७८ च्या जत्रेतल्या एका वगाचं हँडबिल तुमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. तो फड माझ्या यादीत आहे, आणि त्यात काम केलेल्या एका बाईंचा अर्ज सध्या पुराव्याअभावी अडकलाय. हँडबिलाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी पडली असेल तर हातानं उलटी दाबू नका. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून जड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवा. मग ६०० डीपीआयवर, रंगीत, स्कॅन करून पाठवा. कृपा करून मागची बाजूही करा. मागं बहुधा पेन्सिलीनं किराणा मांडलेला असतो आणि त्यात पीठ किती आणलं तेही लिहिलेलं असतं.